वाणातलं बी का उगवलं नाही: नेरूळमधल्या एका बीजवाटपाचं प्रकरण

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीत एका संक्रांतीला तळमजल्यावरच्या काकूंनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून फुलझाडांचं बी वाटलं. प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या घरोघरी साठून राहतात, त्यापेक्षा आपल्या बागेतलं काही द्यावं, हा त्यांचा विचार. तो मला तेव्हाही पटला होता आणि पुढे जे झालं त्यानंतरही पटतो. प्रत्येकीला झिप लावायची एक छोटी पिशवी, आत पाच पुड्या: झेंडू, तेरडा, गोकर्ण, झिनिया आणि ऑफिस टाइम (पोर्तुलाका). तिळगुळाबरोबर ती हातात पडली तेव्हा सगळ्या जणी मनापासून खूश होत्या. बहुतेकींनी पिशवी जपून ठेवली आणि मृग लागला तशी पेरणी केली.

जुलै सरत आला तरी कुंड्या मोकळ्याच होत्या. कुणाकडे झिनियाची चार रोपं, कुणाकडे गोकर्णाचा एखादा वेल. ऑफिस टाइम दिसेना, झेंडू नावापुरता, आणि तेरडा तर जवळजवळ कुणाकडेच आला नाही. काकूंच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी बोलणं व्हायचंच: बी जुनं असणार, माती चांगली नसणार, आमच्या गॅलरीत ऊनच येत नाही. शेवटी ते काकूंच्या कानावर गेलं. मला म्हणाल्या, "माझ्या हाताला आता यश राहिलं नाही गं." आमची सोसायटी झाली तेव्हापासून जिने तळमजल्यापुढची ती पट्टी फुलवली, तिने असं म्हणावं हे मला सहन होईना. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. काकूंना म्हटलं, "काकू, तुमच्याकडे उरलेल्या पुड्या असतील तर द्या. हाताचा दोष आहे की आणखी कशाचा, ते बघूया."

पुड्या होत्या. काकू वाटताना नेहमी थोडं जास्तच बांधून ठेवतात.

हे बी आलं कुठून

आमची इमारत सिडकोच्या जुन्या वसाहतीतली, बैठी म्हणावी इतकी कमी उंचीची. इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये जी मातीची पट्टी सुटते, ती काकूंची बाग. पलीकडे नारळ, अलीकडे तगर, अनंत, दोन जास्वंदी, आणि मधल्या जागेत हंगामी फुलझाडं.

पाच बियांपैकी सगळ्यांत मोलाचा तेरडा. तो नर्सरीतला नाही. करावे गावातून मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी काही वर्षांपूर्वी त्याचं बी काकूंना दिलं होतं. आगरी-कोळी घरांत गौर म्हणून मुळासकट तेरडा आणतात, त्यातलाच हा, गुलाबी आणि पांढरट रंगांचा. नेरूळ, सारसोळे, करावे या गावठाणांच्या भोवती सिडकोची नवी वस्ती उभी राहिली, आणि आता तेरडा उगवायला मोकळी जागा गावातही फारशी उरलेली नाही. काकूंच्या पट्टीत तो टिकला होता. वाटला तर आणखी टिकेल, हा वाणामागचा खरा हेतू होता. त्यांनी तो कुणाला बोलून दाखवला नव्हता.

झेंडूचं बी बागेतलं नव्हतं. दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून, कुस्करून त्यांनी ते काढलं होतं. असं आपल्याकडे कितीतरी घरांत करतात. झिनिया आणि ऑफिस टाइम गॅलरीतल्या कुंड्यांमधले, गोकर्ण कुंपणावरचा. बहुतेक बी गणपती ते दिवाळी या काळात गोळा केलेलं, सुपात एक-दोन दिवस वाळवलेलं, आणि लगेच झिपच्या पिशव्यांत बंद केलेलं. पिशव्या ओट्याखालच्या कप्प्यात, मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवलेल्या.

या एका परिच्छेदात जवळजवळ सगळी उत्तरं आहेत. पण प्रत्येक बियाचं उत्तर वेगळं आहे, आणि सगळ्यांना मिळून "बी खराब होतं" असं एकच उत्तर देणं हीच पहिली गफलत होती.

तपासणी

सोयाबीनचं घरचं बी पेरायचं असेल तर आपल्याकडचे शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात आणि किती रुजले ते मोजून मग पेरणी ठरवतात. कृषी विभाग दरवर्षी खरिपाच्या आधी हेच सांगतो. फुलझाडांना वेगळं शास्त्र नाही. मी प्रत्येक पुडीतलं थोडं थोडं बी ओल्या टिशू पेपरात ठेवलं, पेपर डब्यात घातले, डब्यांवर नावं टाकली. पण त्याआधी एक सोपी तपासणी केली, जिला पाणीही लागत नाही. तीच मला इथे नीट सांगायची आहे.

झेंडूचं बी म्हणजे बारीक काडी: अर्धी काळी, वरच्या टोकाला फिकट कुसळं. पांढऱ्या कागदावर ते पसरलं आणि काळ्या भागावर एकेका बियाला नखाने दाबत गेले. भरलेलं बी नखाखाली टणक लागतं. जोर दिला तर ते फुटतं आणि आत पांढरा, किंचित तेलकट दाणा दिसतो. पोकळ बी नुसतं दुमडतं, आत काहीच नसतं. काकू शेजारी चष्मा लावून बसल्या होत्या. दाबलं की दुमडायचं, दाबलं की दुमडायचं. बऱ्याच वेळाने एखादं टणक लागायचं. थोड्या वेळाने त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि स्वतःच्या नखाने बघायला लागल्या. "म्हणजे ह्यात बी नव्हतंच," त्या म्हणाल्या. खरंच नव्हतं. त्यांनी वाटलं होतं ते मुख्यतः टरफल होतं.

पाच बियांची पाच कारणं

झेंडूत असं का होतं? बाजारात येणारं फूल तोडतात ते पूर्ण उमललेल्या अवस्थेत, बी तयार होण्याच्या कितीतरी आधी. झाडावर राहू दिलं तर फूल उमलल्यापासून बी पक्कं व्हायला तीन-चार आठवडे सहज लागतात. पाकळ्या सुकतात, देठ तपकिरी होतो, मग बी भरलेलं असतं. तोरणातल्या फुलाला तो काळ मिळतच नाही. दुसरी गोष्ट, दसऱ्याला आपल्याला आवडतो तो मोठा, भरगच्च, गोंड्यासारखा झेंडू. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ. कडेच्या, पाकळीसारख्या फुलांत स्त्रीकेसर असतात. पराग मधल्या नळीसारख्या फुलांत असतो. फूल जितकं भरगच्च, तितकी मधली फुलं कमी, म्हणजे परागही कमी आणि बी धरण्याची शक्यताही कमी. त्यातून बाजारातली बरीच लागवड संकरित बियाण्यापासून होते, त्यामुळे एखादं बी भरलंच तरी आईसारखं फूल मिळेल याची खात्री नसते.

तेरड्याचं कारण वेगळं, आणि मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती त्याचीच. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं. त्याच्या सालीचे पाच भाग झटकन आत वळतात आणि बी दूर उडतं. हे टाळायला काकू बोंडं थोडी आधी, हिरवी असतानाच काढायच्या. टिशूवर ठेवण्यापूर्वी मी पुडीतलं बी रंगाने वेगळं केलं. काही तपकिरी होतं, बरंचसं फिकट, पांढुरकं. पांढुरकं बी कच्चं. ते झाडावर असतानाच पुरतं तयार झालं नव्हतं. तपकिरी बी चांगलं असायला हवं होतं, पण तेही रुजलं नाही. त्याला बुरशी लागली होती. भिंगातून बघितलं तर बियांच्या कडेला करडे धागे दिसत होते. तेरडा पावसात फुलतो आणि पाऊस ओसरता ओसरता पिकतो. सप्टेंबरची ओल अंगात घेऊन ते बी हवाबंद प्लास्टिकमध्ये गेलं आणि आत घामेजलं.

गोकर्णाचं बी मेलेलं नव्हतं. टिशूवर ते दिवसेंदिवस तसंच पडून राहिलं, फुगलंसुद्धा नाही. कारण त्याचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरत नाही. मग तेच बी एका कडेने पॉलिश पेपरवर हलकं घासलं आणि रात्रभर पाण्यात ठेवलं. सकाळी ते टम्म फुगलेलं होतं, आणि नंतर बहुतेक सगळं रुजलं. बायकांनी कुंडीत टाकलेलं गोकर्ण बहुधा मातीत अजून तसंच होतं. वाणाच्या पुडीत "आधी भिजवा" एवढे दोन शब्द असते तर निम्म्या गॅलऱ्यांत निळे वेल चढले असते.

ऑफिस टाइमचं बी खसखशीपेक्षाही बारीक, करड्या रंगाचं. त्याला रुजायला उजेड लागतो. मातीवर भुरभुरवायचं, वरून झाकायचं नाही, फवाऱ्याने भिजवायचं. आपल्याकडे बी पेरायचं म्हणजे बोटाने खड्डा करायचा, ही सवय. त्या खड्ड्यात ते गेलं ते गेलंच. शिवाय ज्यांनी उघड्यावर पेरलं त्यांच्याकडे जूनच्या पहिल्या जोराच्या सरीने ते वाहून गेलं. खरं सांगायचं तर ऑफिस टाइमचं बी वाटण्यात फारसा अर्थ नाही. एक फांदी मोडून मातीत खोचली की ती लागते. आम्ही ते बियांच्या यादीतून काढून टाकलं.

झिनियाबद्दल इथे एवढंच: तो उगवला, आणि त्याने वेगळाच वाद उभा केला. त्याच्याकडे पुढे येते.

नवी मुंबईची हवा

पाचांपैकी तेरड्याचा प्रश्न हवेचा आहे, आणि जे कुणी ठाण्यात, नवी मुंबईत किंवा कोकणात कुठेही बी साठवतात त्या सगळ्यांचा आहे.

बी जिवंत असतं. फार सावकाश का होईना, ते श्वास घेत असतं. ओल आणि उष्णता वाढली की त्याचा साठा भराभर संपतो. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी यासाठी एक ढोबळ नियम दिला: बियातली ओल एका टक्क्याने कमी केली की त्याचं साठवणीतलं आयुष्य जवळपास दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसने उतरवलं तरी आयुष्य जवळपास दुप्पट होतं. सगळ्या बियांना तो लागू पडत नाही. आंबा, फणस यांची बी वाळवली की मरते. पण आपल्या बहुतेक हंगामी फुलझाडांना तो लागू आहे. आणखी एक सोपा हिशेब सांगतात: हवेतली आर्द्रता टक्क्यांत आणि तापमान फॅरनहाइटमध्ये घेऊन दोन्हींची बेरीज १०० च्या खाली ठेवा.

आपल्याकडचं गणित करून बघा. पावसाळ्यात नेरूळला तापमान २८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ८२ फॅरनहाइट, आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास. बेरीज १६७. जानेवारीतल्या बऱ्या दिवशीसुद्धा ती १०० च्या बरीच वर राहते. म्हणजे आपल्या घरातला कुठलाही कप्पा, कपाट, फडताळ बियांसाठी योग्य नाही. आणि ओट्याखाली, जिथे वर सकाळ-संध्याकाळ कुकरची वाफ असते, तिथे तर नाहीच.

घाटावरच्या आणि मराठवाड्यातल्या घरांत बी राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात, मडक्यात ठेवण्याची रीत आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि गावठी बियाण्यांची बँक ही कल्पना शहरातल्या घरांतही पोहोचली. काकूही त्यांचं उदाहरण देतात. मी काकूंना एवढंच म्हटलं की त्यांच्याकडून घ्यायची ती निवड करण्याची शिस्त: उत्तम झाड आधी हेरायचं, त्यावर खूण करायची, आणि त्याचं बी खाण्यासाठी किंवा पूजेसाठी न तोडता राखून ठेवायचं. बी ठेवण्याची पद्धत मात्र आपली हवा बघून ठरवावी लागेल. खाडीकाठच्या दमटपणात मडकं पुरत नाही.

झिनियाचा वाद

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे झिनिया भरपूर आला. पण काकूंच्या गॅलरीतला झिनिया दुहेरी, गडद गुलाबी. वहिनींकडचा एकेरी, कुठे नारिंगी, कुठे फिकट जांभळा. "काकूंनी वेगळंच बी दिलं," असं त्या म्हणाल्या. काकूंना हे लागलं.

दोघींचंही खरं होतं. काकूंनी आपल्याच झाडाचं बी दिलं होतं. पण झिनियावर फुलपाखरं आणि मधमाश्या सतत येतात, आणि आमच्या पट्टीपासून चार पावलांवर शेजारच्या सोसायटीच्या गेटजवळ नारिंगी एकेरी झिनियाचा वाफा आहे. बी काकूंच्या झाडाचं असलं तरी त्याचा बाप कुठला हे माशी ठरवते. शिवाय काकूंचं मूळ रोप नर्सरीतून आणलेलं होतं आणि बहुधा संकरित होतं. अशा रोपाच्या दुसऱ्या पिढीत लपलेले गुण सुटे होऊन वर येतात. शुद्ध जात ठेवायची असेल तर झाडावर बारीक जाळी लावून हाताने परागण करायला हवं, नाहीतर दोन जातींत शेकडो मीटरचं अंतर हवं. सोसायटीत ते शक्य नाही, आणि माझ्या मते गरजेचंही नाही. फक्त देताना सांगायला हवं: रंग मिसळलेले येतील.

झिनियाबाबत एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगितली. ज्या झाडाच्या पानांवर तांबूस-तपकिरी गोल ठिपके आहेत त्याचं बी घ्यायचं नाही. झिनियाचा हा करपा बियाबरोबर पुढच्या घरी जातो. फूल कितीही देखणं असलं तरी ते बी वाटायचं नाही. काकूंनी एक सुंदर झाड त्यासाठी उपटलं. त्यांना ते अवघड गेलं, पण त्यांनी उपटलं.

पुढच्या वर्षीची रीत

ऑगस्टमध्ये काकूंच्या घरी आम्ही सात-आठ जणी बसलो. काकूंनी पुन्हा वाण द्यायचं की नाही हाच आधी प्रश्न होता, कारण त्या नको म्हणत होत्या. झेंडूच्या टरफलांचा कागद मी मुद्दाम सगळ्यांना दाखवला आणि गोकर्णाचे फुगलेले दाणेही. काकूंच्या हाताबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

नवी रीत आली ती हंगामातून. आपल्याकडे बी धरायला सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पाऊस नाही, रात्री गार, दुपारी कोरडा वारा. म्हणून झेंडू आणि झिनियाची थोडी रोपं ऑक्टोबरमध्ये केवळ बियांसाठी लावायची ठरली. झेंडू नर्सरीतून साध्या, मधला भाग दिसणाऱ्या फुलांचा आणला. त्याची फुलं कुणी पूजेलाही तोडायची नाहीत, हा नियम. देवाला फूल न देणं काकूंना पटेना. पण "काकू, ही झाडं बियांची, बाकीची सगळी देवाची," असं वहिनींनी म्हटल्यावर त्यांनी मान्य केलं.

तेरडा मात्र पावसाळ्यातच पिकतो, तिथे दुसरा इलाज नाही. त्याच्या बोंडांना आता पातळ मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधतात. बोंड झाडावरच पिकतं, फुटतं, आणि बी पिशवीत पडतं. मग ते तपकिरी, पक्कं बी ताटात पसरून पंख्याखाली ठेवायचं, सावलीत. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर नाही, कारण तिथलं तापमान बियाला सोसवत नाही. पंख्याने वरची ओल जाते, आतली राहते. ती काढायला काचेची घट्ट झाकणाची बरणी. तळाशी सिलिका जेल, वर कापडाचा तुकडा, त्यावर कागदी पुड्या. नारिंगी सिलिका जेल ओल शोषून हिरवट झालं की काढून, तापवून, पुन्हा वापरायचं. सिलिका नसेल तर कढईत मंद आचेवर खरपूस भाजलेला तांदूळ झाकून गार करावा आणि तोच तळाशी घालावा. तोही ओल ओढतो, फक्त लवकर लवकर बदलावा लागतो. बियांची पुडी कागदाचीच हवी. प्लास्टिकमध्ये ओल अडकते आणि जेलला ती ओढता येत नाही.

बी कोरडं झालं की बरणी फ्रिजमध्ये, खालच्या खणात. फ्रिजच्या आत दमटपणा भरपूर असतो, म्हणून झाकण घट्टच पाहिजे. आणि बरणी बाहेर काढली की लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच ओट्यावर राहू द्यायची. नाहीतर गार बियांवर हवेतलं दव धरतं आणि इतकं करून वाळवलेलं बी एका मिनिटात ओलं होतं.

वाणाचा प्रश्न उरला. जानेवारीत दिलेलं बी जूनपर्यंत घरोघरच्या कप्प्यांत पडून राहणार, तेही एप्रिल-मेच्या उकाड्यात. म्हणून मी सुचवलं की संक्रांतीला फक्त चिठ्ठी द्यावी, जिला जे हवं ते तिने लिहावं, आणि बी मेअखेरीस बरणीतून थेट द्यावं. काकूंना हे पसंत पडलं नाही. "वाण म्हणजे हातात काहीतरी पडलं पाहिजे. चिठ्ठी काय द्यायची?" त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि उपाय त्यांनीच काढला: वाणात गोकर्ण द्यायचा. कठीण कवचामुळे तो कप्प्यातही टिकतो, आणि आपल्याकडची थंडी इतकी सौम्य की जानेवारीअखेर पेरला तरी वेल चढतो. सोबत चिठ्ठी. बाकीचं मृगाच्या आधी.

झेंडू दसऱ्याला हवा असेल तर जुलैत पेरायचा, कारण पेरल्यापासून फुलायला साधारण दोन महिने किंवा थोडे जास्त लागतात. पण जुलैतल्या पावसात उघड्या कुंडीत पेरलं तर कोवळी रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. म्हणून आधी गॅलरीच्या आडोशाला पसरट ट्रेमध्ये रोपं करायची आणि चार-सहा पानांवर आली की कुंडीत हलवायची. हे सगळं आता पुडीवर छापलेलं नाही, हाताने लिहिलेलं असतं: नाव, कधी काढलं, कुणाच्या घरचं, कधी पेरायचं, किती खोल, आणि आधी भिजवायचं का.

एक ओळ सगळ्या पुड्यांवर लाल शाईने असते: खाण्यासाठी नाही. पुढच्या यादीत गुलबक्षी आली तेव्हा ही ओळ घालायचं ठरलं. गुलबक्षीचं बी काळं, खरखरीत, गोल. मसाल्याच्या डब्याशेजारी पडलं तर मिरी म्हणून कुणीही उचलेल. ते विषारी आहे. सदाफुलीचंही तसंच, तिचा कुठलाच भाग पोटात जायला नको. वाणात तीळ, हलवा, उसाचे करवे आणि बोरं यांच्यासोबत बियांची पुडी जाते, घरात लहान मुलं असतात, त्यामुळे ही ओळ आम्ही कधीच विसरत नाही.

मोगरा, अनंत, दुहेरी तगर आणि जास्वंद यांचं बी मागणाऱ्या बायका दरवर्षी असतात. यांना बहुधा बी धरत नाही, आणि यांची वाढ फांदीवरूनच करायची. त्यासाठी काकू पावसाळ्यात छाटणी करतात तेव्हा फांद्या वाटतात.

उरलेलं बी कुठे जाऊ नये

त्याच सुमारास सोसायटीतल्या तरुण मुलांनी विचारलं की उरलेलं बी मातीच्या गोळ्यांत घालून बेलापूरच्या पारसिक टेकडीवर टाकायचं का. पावसाळ्यात असे गोळे टाकायला बरेच गट जातात, येऊरकडेही जातात. हेतू चांगलाच आहे, पण मी स्पष्ट नाही म्हटलं. झेंडू आणि झिनिया मूळ मेक्सिकोकडचे, गुलबक्षी उष्णकटिबंधातल्या अमेरिकेतली, सदाफुली मादागास्करची. बागेत ही झाडं शहाणी असतात. डोंगरावर ती कशी वागतील ते आपल्या हातात नसतं. पिवळा कॉसमॉस आपल्याकडच्या टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडेला कसा पसरतोय ते आपण बघतो आहोत. घाणेरी ब्रिटिश काळात शोभेसाठी आणली गेली आणि आज आपली जंगलं तिने भरलेली आहेत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे पावसाळ्यात तिथलेच रानतेरडे, तिथलीच कारवी फुलते. त्यांच्या जागी आपली गॅलरी नेऊन ठेवू नये. मुलांना हे पटलं. त्यांनी उरलेलं बी पालिकेच्या बागेतल्या माळीकाकांना दाखवलं. त्यांनी झेंडू घेतला, बाकीचं परत दिलं.

आता

पुढच्या वर्षी मृगाला वाटलेला तेरडा सात-आठ घरांत फुलला. त्यातल्या तीन घरांनी गौरीच्या दिवसांत मासेवाल्या मावशींना मुळासकट रोपं दिली, कारण त्यांच्याकडचा वाफा घराच्या बांधकामात गेला होता. बी करावे गावातून आलं होतं, ते तिथे परत गेलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त समाधान त्याचं आहे. शिवाय एकाच्या पट्टीत कीड पडली किंवा पाणी साचलं तरी आता तेरडा आठ ठिकाणी आहे.

झेंडूचं बी आता भरलेलं निघतं, नखाने तपासूनच पुडी बांधतात. फूल बाजारातल्याइतकं मोठं येत नाही, हे काही जणींना अजून खटकतं. झिनियाचे रंग मिसळतातच.

काकू एप्रिलमध्ये लेकीकडे पुण्याला जातात, तेव्हा बरणी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये असते. तिथली वीज जास्त वेळ गेली तर बरणी उघडायची नाही, एवढं त्यांना सांगून ठेवलेलं आहे. पुढच्या वाणात कर्दळ आणि गणेशवेल घ्यायची मागणी आहे. कर्दळीचं बी कठीण कवचाचं, गोकर्णासारखंच घासून भिजवायचं, त्यामुळे तिला हरकत नाही. गणेशवेल मला नको वाटते, कारण ती कुंपण ओलांडून नाल्याकाठी पसरते. काकूंना मात्र ती हवी आहे, लाल फुलांसाठी. संक्रांतीच्या आधी बसून ते ठरवायचं आहे.